वाढणाऱ्याची रात्र

गळ्यात तुळशीची माळ आणि हातात दारूच्या ग्लासांचा ट्रे, हे एकाच माणसाला शोभतं का? हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला. आमच्या दिंडीतल्या टाळकऱ्यांनी विचारला, भावकीत विचारला गेला, मुलीचं लग्न ठरवताना व्याह्यांनीही विचारला. मी कोकणातल्या खेड तालुक्यातला. दक्षिण मुंबईत, समुद्राच्या वाऱ्यावर असलेल्या एका परवानाधारक रेस्टॉरंटमध्ये आधी हेल्पर, मग स्टुअर्ड आणि शेवटी कॅप्टन म्हणून मी नोकरी केली. मी स्वतः कधी मांस खाल्लं नाही, दारू घेतली नाही. पण दोन्ही असंख्य माणसांना वाढली. आता निवृत्त झालो आहे आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे. कारण तो माझ्या एकट्याचा प्रश्न नाही. दिवेलागणीला ज्यांची ड्युटी सुरू होते आणि शेवटची लोकल चुकली तर जे हॉटेलातच खुर्च्या जोडून झोपतात, त्या सगळ्यांच्या जगण्याला धर्मात जागा आहे की नाही, असा तो प्रश्न आहे.

माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत होते. तिसरी पाळी आली की रात्रभर मागावर उभं राहून सकाळी कापसाची तूस केसांत घेऊन ते खोलीवर येत. खोली गावकीची, पाळीप्रमाणे माणसं झोपायची, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची अंथरायची. जेवण खाणावळीचं. या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, कारण अर्ध्या गिरणगावाचं पोट त्यांच्या चुलींवर चालत होतं आणि त्या मात्र सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. वडिलांच्या रात्रपाळीकडे कोणी कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. सकाळी ते झोपले की खोलीतली माणसं एकमेकांना दटावून गप्प करायची, कारण ते कष्ट करून आलेले असत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. पुढे त्याच आवारांत मॉल, कचेऱ्या, रेस्टॉरंट आणि पब उभे राहिले. वडील ज्या रस्त्यानं रात्रपाळीला जात, त्याच रस्त्यावर आता रात्री गाड्यांची रांग लागते. मग मला विचारावंसं वाटतं: वडिलांचं जागणं पुण्याचं आणि माझं पापाचं, हे कशावरून ठरलं? त्यांनी विणलेलं कापड कोण नेसलं, कुठे नेसलं, हे त्यांना कोणी विचारलं नाही. मी वाढलेलं कोण जेवलं, हे मात्र मला विचारलं जातं.

काही जण म्हणतात, रात्र ही झोपेसाठी आणि देवासाठी, मौजेसाठी नाही. हे म्हणणं आपल्याच परंपरेला धरून नाही. आमच्या कोकणात दशावतारी नाटक रात्री रंगतं आणि पहाटे संपतं. गोंधळ रात्रीचा, जागर रात्रीचा, एकादशीचं हरिकीर्तन रात्रीचं. कोजागिरीला तर लक्ष्मी स्वतः कोण जागं आहे ते पाहत फिरते, अशी श्रद्धा आहे. या सगळ्या रात्रींत गाणं असतं, खाणं असतं, हसणं असतं, माणसांची गर्दी असते. देवानं रात्र आनंदाला वर्ज्य केलेली नाही. चार पुरुषार्थांत काम हा एक पुरुषार्थ आहे, आणि गीतेच्या सातव्या अध्यायात भगवान सांगतात की धर्माला विरोध न करणारी इच्छा हे माझंच रूप आहे. म्हणजे इच्छा असणं हा दोष धरलेला नाही. ती धर्माला विरोध करते का, एवढं तपासायला सांगितलं आहे. दिवसभर कचेरीत मान मोडून आलेली चार माणसं संध्याकाळी एकत्र बसून पापलेट खातात, कोणाच्या बढतीबद्दल, कोणाच्या बाळाबद्दल बोलतात, यात धर्माला विरोध करणारं मला काही दिसलं नाही. दाराशी उभा राहून मी त्यांच्याकडे पाहत असे तेव्हा मला बरंच वाटे.

पण दारूचं काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. माझ्याबरोबर वरळीच्या बीडीडी चाळीतला एक जण काम करायचा, बौद्ध. त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं की बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. पंचशीलातलं पाचवं शीलही मद्यापासून दूर राहण्याचंच. हॉटेल बंद झाल्यावर आम्ही दोघं ग्लास पुसत बसलो की यावर बोलायचो. मी म्हणायचो, ‘व्यापार मालकाचा आहे, आपण पगारी माणसं.’ तो म्हणायचा, ‘भाऊ, हे उत्तर पुरेसं नाही. ग्लास आपल्या हातून जातो. मग कुठे थांबवायचा, तेही आपल्याच हातात असलं पाहिजे.’

त्याचं हे बोलणं मला शास्त्रासारखं उपयोगी पडलं. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे. परमिट रूम हे नाव त्यातूनच आलं. कायद्यानं दारूला २५ आणि बिअरला २१ वर्षांची अट घातली आहे. पोरगेलं कोणी बसलं की आम्ही ओळखपत्र मागायचो, मग बरोबरचे कितीही चिडोत. गाडीची किल्ली टेबलावर ठेवून कोणी पुढचा पेग मागितला, की मी आधी ड्रायव्हर आहे का ते विचारायचो आणि नसला तर जेवण पुढे करायचो. एखादी बाई एकटी आलेली असेल आणि शेजारचं टेबल तिच्याकडे वळून बोलू लागलं, तर तिथे मध्ये जाऊन उभं राहायचं, हा आमचा अलिखित नियम होता. या गोष्टींची नोंद कुठल्या बिलात होत नाही. माझी साधना मात्र तिथेच होती, असं मी मानतो.

महाभारतात वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणावर झाडावरून बगळीची विष्ठा पडते. तो रागानं वर पाहतो आणि ती मरून पडते. त्यानंतर तो भिक्षेला एका घरी जातो. घरातली बाई त्याला थांबायला सांगते, कारण तिचा नवरा नुकताच दमूनभागून आलेला असतो आणि ती त्याला वाढत असते. कौशिक संतापतो. ती शांतपणे म्हणते की मी काही ती बगळी नाही. आणि धर्म समजून घ्यायचा असेल तर मिथिलेतल्या व्याधाकडे जा असं सुचवते. कौशिक तिथे पोहोचतो, तर तो महात्मा बाजारात मांस विकत बसलेला! तो स्वतः मारत नाही, स्वतः मांस खात नाही, खोटं बोलत नाही, आणि घरी म्हाताऱ्या आईबापांना देव मानून त्यांची सेवा करतो. तपस्व्याला धर्म शिकवणारी ही दोन माणसं: एक वाढणारी, दुसरा विकणारा.

ही कथा मला फार जवळची आहे, पण मी ती सगळीच्या सगळी स्वीकारत नाही. व्याध म्हणतो की हा धंदा मला पूर्वकर्मानं आणि घराण्यानं मिळाला, म्हणून तो करणं हाच माझा धर्म. या युक्तिवादानं आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या माणसांना एकाच कामाला बांधून ठेवलं. कोणाच्या जन्मावर काम लादणं मला धर्म वाटत नाही. मला या व्याधाचं वागणं घ्यायचं आहे, त्यानं दिलेलं कारण नको. काम कुठलंही असो, त्यात आपण किती सच्चे आहोत आणि घरी कोणाचं किती करतो, यावर माणूस जोखावा, एवढं मी त्याच्याकडून शिकलो.

आमचा वारकरी पंथही हेच सांगत आला आहे. सावता माळी मळ्यातच राहिले, आणि विठ्ठलच अरणला त्यांच्या भेटीला आला, असं आपण मानतो. गोरोबा चिखल तुडवत होते, सेना न्हावी लोकांची हजामत करत होते. तुकोबांनी तर देव कोणाकोणाच्या कामाला हातभार लावतो ते सांगताना सजन कसायाचंही नाव घेतलं आहे. मंगळवेढ्याची कान्होपात्रा गणिकेची मुलगी; तिची जागा पंढरपूरच्या देवळाच्या आवारात, तरटीच्या झाडापाशी आहे. देवानं तिला तिच्या आईच्या व्यवसायावरून अडवलं नाही.

कान्होपात्रेचं नाव घेतलं की मला २००५ सालही आठवतं. त्या वर्षी राज्यात डान्स बार बंद झाले. हजारो बायकांचं काम एका फटक्यात गेलं. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द ठरवली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला, मग नवे कायदे आले, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या अनेक अटी सैल केल्या. या सगळ्या वर्षांत नीतीबद्दल पुष्कळ बोललं गेलं. मी तिथल्या पिळवणुकीची बाजू घेत नाही. पैसे उधळण्याला आनंद म्हणावं असं मला वाटत नाही. पण नीतीच्या नावानं एखाद्या बाईच्या घरची चूल विझवायची आणि ती पुढे काय खाईल हे विचारायचंही नाही, हा कुठला धर्म? जो समाज कान्होपात्रेपुढे हात जोडतो, त्यानं आधी या बायकांच्या पुढच्या भाकरीची सोय करायला हवी होती.

मग रात्रीच्या मौजेत अधर्म नसतोच का? असतो, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण लोक तो ग्लासात शोधतात. मला तो स्वयंपाकघराच्या मागच्या दारात दिसला.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात, ते पाप खातात. या कसोटीवर हॉटेलचा आचारी अगदी शुद्ध माणूस आहे. त्यानं रात्रभरात स्वतःसाठी काहीच शिजवलेलं नसतं. भट्टीसमोर घामानं भिजून तो दुसऱ्यांच्या पंगती उठवतो आणि मग उरलेला डाळ-भात उभ्यानं खातो. मोरीवर भांडी घासणाऱ्या मुलाची बोटं गरम पाण्यानं आणि साबणानं पांढरी पडलेली असतात. २००६ च्या ऑक्टोबरपासून हॉटेलांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली, त्याआधी अशा मोऱ्यांवर किती लहान हात होते, हे आमच्या पिढीला ठाऊक आहे.

आमच्या धंद्यात ब्रेक शिफ्ट नावाचा प्रकार असतो. सकाळी अकराला यायचं, दुपारी तीनला सुटायचं, पुन्हा सातला हजर, आणि मग शेवटचं टेबल उठेपर्यंत. मधल्या चार तासांत विरार किंवा बदलापूरला घरी जाऊन येणं शक्य नसतं, म्हणून माणूस बागेत, नाही तर फुटपाथच्या सावलीत आडवा होतो. कागदावर कामाचे तास कमी दिसतात, पण दिवस सगळा जातो. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दिवसाच्या कामाच्या तासांना मर्यादा, जादा कामाला दुप्पट दर आणि आठवड्याची हक्काची सुट्टी सांगितली आहे. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची सोय हवी. किती ठिकाणी हे पाळलं जातं, ते तिथे काम करणाऱ्याला विचारा. गीता सहाव्या अध्यायात सांगते की अति जागणाऱ्याला योग साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनंही २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला बहुधा कर्करोगकारक गटात घातलं. एकाचा आनंद दुसऱ्याच्या शरीरातून वसूल होत असेल, तर तो धर्माला विरोध करणारा झाला. माझ्या मते अधर्माची रेषा इथे आहे.

२९ डिसेंबर २०१७ ची मध्यरात्र आठवा. कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ माणसं गेली. त्यातली बरीचशी धुरानं गुदमरून, आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरलेली. कोणी तिथे वाढदिवस साजरा करायला आलं होतं. त्या रात्री काही लोकांनी मौजेला दोष दिला. मौजेचा त्यात काय दोष? जळतील अशी छपरं, बाहेर पडायला अपुरी वाट आणि कागदावरच राहिलेली तपासणी, हे खरं पाप होतं. पाहुण्याला बसवायचं आणि तो सुखरूप बाहेर कसा पडेल याचा विचार करायचा नाही, याहून मोठा आतिथ्यभंग नाही.

आणि त्याच्या उलट टोकाला नोव्हेंबर २००८ आहे. २६ तारखेच्या रात्री लिओपोल्ड कॅफेत, ताजमध्ये, ओबेरॉयमध्ये माणसं जेवत होती, आणि दहशतवादी आत घुसले. ताजच्या कर्मचाऱ्यांना मागचे जिने, स्वयंपाकघराच्या वाटा पाठ होत्या. ते आधी निघून जाऊ शकले असते. ते थांबले. पाहुण्यांना बाहेर काढताना त्यांच्यातले कितीतरी, विशेषतः स्वयंपाकघरातले, मारले गेले. अतिथीला देव मानावं हे आपण पोथीत वाचतो. ज्यांना लोक नुसतं ‘वेटर’ म्हणून हाक मारतात, त्यांनी ते त्या रात्री प्राण देऊन पाळलं. त्यानंतर मला माझ्या माळेबद्दल कोणी विचारलं की मी त्यांची आठवण करून द्यायचो.

या शहराच्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा आनंद मात्र फुकट आहे, हेही सांगायला हवं. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायला तिकीट नाही, कव्हर चार्ज नाही. तिथे हिऱ्याचा व्यापारी आणि हमाल एकाच दगडावर, एकाच वाऱ्यात बसतात. गिरगाव चौपाटीवर भेळेचा कागद हातात घेऊन बसलेल्या कुटुंबाचं सुख मी पंचतारांकित टेबलावर क्वचितच पाहिलं. सुट्टीच्या संध्याकाळी मी बायकोला घेऊन तिथे जायचो. इतर दिवशी मी लोकांना वाढायचो, त्या दिवशी भेळवाला मला द्यायचा, आणि मी त्याला आवर्जून ‘बरी झाली हो’ असं सांगायचो. ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात त्याग करून भोगावं असं शिकवलं आहे. मला त्याचा अर्थ समजला तो एवढाच: माझ्या आनंदात वाढणाऱ्याचा वाटा आहे हे ज्याला कळतं, तोच खरा उपभोग घेतो.

मुंबई रात्रभर उघडी ठेवावी की नाही, हा वाद अधूनमधून पेटतो. २०२० च्या जानेवारीत अनिवासी भागातल्या मॉल, दुकानं आणि उपाहारगृहांना चोवीस तास उघडं राहण्याची मुभा देण्याचा निर्णय झाला, तेव्हाही तो पेटला. एका बाजूनं रोजगार, दुसऱ्या बाजूनं संस्कृती आणि पोलिसांवरचा ताण. पहाटे दोनला सुटलेला पोऱ्या पहिल्या लोकलपर्यंत कुठे थांबेल, हे त्या गदारोळात मला फारसं ऐकू आलं नाही. माझं मत विचाराल तर शहर खुशाल जागू द्या. जागवणाऱ्याला दुप्पट दर द्या, घरी जायला गाडी द्या, दुसऱ्या दिवशी झोप द्या. एवढं देता येत नसेल, तर बंद ठेवा.

टिपेबद्दलही असंच. बिलात सेवाशुल्क सक्तीनं लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये सांगितलं. ग्राहकाच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण मग आमच्या माणसाचं घर चालेल एवढा पगार मालकानं दिला पाहिजे. हक्काचं ते पगारात यावं आणि प्रेमाचं ते टिपेत. एकाची भरपाई दुसऱ्यानं करायची ही रीत वाढणाऱ्याला लाचार करते, आणि लाचार माणसाच्या हातचं अन्न गोड कसं लागेल?

तेव्हा त्या जुन्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: माळ आणि ट्रे एकाच माणसाला शोभतात, जर तो माणूस ज्याला वाढतो त्याचं भलं पाहत असेल. आणि रात्रीचा आनंद भोगणाऱ्यालाही शोभतो, जर वाढणाऱ्याचं भलं तो पाहत असेल. हे दोन्ही असलं तर त्या टेबलाला मी पंगत म्हणेन. यातलं एक जरी नसलं, तर माणसं सोवळ्यात बसली तरी ती मला पंगत वाटणार नाही.

म्हणून बाहेर जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. जरूर जा, पोटभर जेवा, मनापासून हसा. शेवटची ऑर्डर सांगितली की ती शेवटचीच राहू द्या. पाणी आणून देणाऱ्याला नाव विचारा आणि त्याच नावानं हाक मारा. उठण्याआधी त्याला एकदा विचारा, ‘तुम्ही जेवलात का?’ आणि जिथे त्याचं उत्तर रोज ‘नाही’ असं येतं, तिथे मालकाला भेटून सांगा की इथे पुन्हा यावं असं आम्हाला वाटत नाही.